इमारत झाली, रात्रपाळीचे काय?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी पूर्वी ग्रामीण रुग्णालय होते. त्याचे श्रेणीवर्धन होऊन आता उपजिल्हा रुग्णालय झाले आहे. तीस खाटांच्या पन्नास झाल्या, नवी इमारत उभी राहिली, फलकावर खर्चाचा आकडा कोटींत लिहिला आहे. आम्हाला आनंदच झाला. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीला कळा सुरू झाल्या आणि रात्री अडीच वाजता तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितले, “बाळ अडलंय, सिझर लागेल, गोव्याला बांबोळीला न्या.” १०८ ची गाडी आली. देवाच्या कृपेने बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण गाडीतला तो वेळ आम्ही कसा काढला ते आमचे आम्हाला ठाऊक. मला विचारायचे आहे : श्रेणीवर्धनात नेमके काय वाढते? एवढा पैसा घालूनही रात्री सिझर का होत नाही? हा पैसा येतो कुठून? आणि आमच्यासारख्यांनी काय करायचे?
— एक भगिनी, तळकोकण

उत्तर : ताई, भाची आणि बाळ सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. आधी एक सांगतो. त्या रात्री डॉक्टरबाईंनी जे केले ते योग्यच केले. हाताशी भूलतज्ज्ञ नसणार, आणि अशा वेळी बाळंतिणीला टेबलावर घेणे हा तिच्या जिवाशी खेळ झाला असता. वेळेवर “न्या” म्हणणे हीसुद्धा वैद्यकीय जबाबदारीच आहे. तुमचा प्रश्न त्यांच्याबद्दल नाही, व्यवस्थेबद्दल आहे, आणि तो तुम्ही अगदी नेमका विचारला आहे. एकेक भाग घेऊ.

श्रेणीवर्धनात काय वाढते?

आपली सरकारी आरोग्यसेवा पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेली आहे. सर्वांत खाली उपकेंद्र. सपाटीच्या भागात ५,००० लोकसंख्येला एक, डोंगरी व आदिवासी भागात ३,००० ला एक. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र : ३०,००० ला किंवा डोंगराळ भागात २०,००० ला एक. त्यानंतर ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय. केंद्राच्या मानकांत याच पायरीला सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणतात आणि सपाटीवर १,२०,००० तर डोंगरी-आदिवासी भागात ८०,००० लोकसंख्येसाठी ते धरले आहे. मग ५० किंवा १०० खाटांचे उपजिल्हा रुग्णालय, आणि सगळ्यांच्या वर आपण ज्याला सवयीने ‘सिव्हिल’ म्हणतो ते जिल्हा रुग्णालय.

खालच्या पायरीवर जे जमत नाही ते वरच्या पायरीवर जमावे, अशी ही रचना. म्हणून श्रेणीवर्धन म्हणजे फक्त ३० च्या ५० खाटा नव्हेत. ग्रामीण रुग्णालयातून जो रुग्ण पुढे पाठवावा लागत होता, त्याच्यावर आता इथेच उपचार व्हायला हवेत, हे त्या शब्दाचे वचन आहे. अडलेली बाळंतीण, हाड मोडलेला मोटारसायकलस्वार, साप चावलेला शेतकरी, जन्मतःच न रडलेले बाळ : या चौघांना गाव सोडावे लागले नाही, तर श्रेणी खरोखर वाढली असे म्हणता येईल.

मग पैसा खर्च होऊनही रात्री सिझर का होत नाही?

याचे उत्तर अर्थसंकल्पाच्या पुस्तकात आहे. सरकारी हिशोबात ‘वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य’ या विषयाची दोन मुख्य लेखाशीर्षे आहेत. २२१० हे महसुली खर्चाचे आणि ४२१० हे भांडवली खर्चाचे. इमारत ४२१० मधून उभी राहते. डॉक्टरांचे व परिचारिकांचे पगार, औषधे, वीजबिल, जेवण, धुलाई हे २२१० मधून चालते. एकाच घराचे दोन वेगळे गल्ले समजा. एकातून भिंत येते, दुसऱ्यातून माणूस. फलकावर कोटींचा जो आकडा तुम्ही वाचलात तो पहिल्या गल्ल्यातला आहे. दुसऱ्या गल्ल्याचा फलक कुठेच लागत नाही.

या दोन वाटा वेगवेगळ्या वेगाने चालतात. इमारतीची वाट अशी : बृहत् आराखड्यात नाव येते, शासन निर्णय निघतो, जागा मिळते, नकाशे व अंदाजपत्रक तयार होते, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, आणि मग सार्वजनिक बांधकाम विभागाच्या देखरेखीखाली काम. वाट लांब आहे, पण डोळ्यांना दिसते. प्लिंथ दिसते, स्लॅब दिसतो. लोक विचारत राहतात, आमदार पाहणी करतात, म्हणून ती पुढे सरकते.

माणसांची वाट कागदावरच राहते. आधी आकृतिबंध, म्हणजे या श्रेणीच्या रुग्णालयाला कोणकोणती किती पदे लागतील याचा तक्ता. मग पदनिर्मितीचा प्रस्ताव. नवे पद म्हणजे तिजोरीवर पुढची कित्येक वर्षे कायमचा भार, म्हणून वित्त विभाग त्याची बारकाईने छाननी करतो. मंजुरी मिळाली तरी ते फक्त पद असते, माणूस नव्हे. मग जाहिरात, निवड, नेमणूक, आणि नेमलेला माणूस तिथे रुजू होऊन टिकणे. इमारत पूर्णत्वाला येईपर्यंत पदांचा विषय बहुधा मागेच राहतो. म्हणून फीत कापली जाते त्या दिवशी पन्नास खाटांच्या इमारतीत तीस खाटांची माणसे काम करत असतात. तुमच्या भाचीला त्या रात्री नेमका हाच अनुभव आला.

एका सिझरला किती माणसे लागतात?

हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण सगळ्याची गाठ इथेच आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो.

रात्री अडीच वाजता सिझर करायचे तर एक स्त्रीरोगतज्ज्ञ हवा. भूल द्यायला भूलतज्ज्ञ हवा. बाळ बाहेर आल्यावर त्याला हातात घेणारा बालरोगतज्ज्ञ, निदान नवजात बाळाला श्वास देण्याचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका हवी. शस्त्रक्रियागृहात साहाय्य करणारी परिचारिका, कक्षसेवक, प्रयोगशाळेत रक्तगट तपासणारा तंत्रज्ञ हवा. फ्रिजमध्ये रक्त हवे. वीज हवी, आणि ती गेली तर लगेच चालू होणारे जनित्र हवे. यांतली एक कडी निसटली तरी डॉक्टरला ‘पुढे न्या’ म्हणावेच लागते. इतर सगळे हजर असून भूलतज्ज्ञ नसेल, तर त्या रात्री ते सगळे असूनही उपयोगाचे नाहीत.

आता साधा हिशोब करा. आठवड्याचे तास १६८. एक परिचारिका आठ-आठ तासांच्या सहा पाळ्या करते, म्हणजे ४८ तास. १६८ ला ४८ ने भागले तर साडेतीन येतात. म्हणजे प्रसूतिगृहात अष्टौप्रहर एक परिचारिका हजर हवी असेल, तर त्या एका जागेसाठी साडेतीन जणी लागतात. रजा, आजारपण, स्वतःची बाळंतपणे, प्रशिक्षण हे धरले की चारच्या पुढेच जाते. ‘एक परिचारिका दिली’ असे कागदावर लिहिले तर प्रत्यक्षात आठवड्याच्या चार भागांतला जेमतेम एक भाग भरतो.

तज्ज्ञांचेही तेच. एकच भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात त्याने दिवसभर काम करायचे आणि वर्षातल्या ३६५ रात्री फोन उशाशी घेऊन झोपायचे, अशी अपेक्षा धरली जाते. माणूस हे फार काळ करू शकत नाही. तो बदली मागतो किंवा नोकरी सोडतो. आपण म्हणतो, डॉक्टर खेड्यात येत नाहीत. त्यात तथ्य आहे. पण एकट्याला टाकले तर आलेलाही टिकत नाही, हेही तितकेच खरे. दोन भूलतज्ज्ञ, दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, राहायला चांगले घर आणि मुलांना शाळा एवढे जुळले, तर डॉक्टरांची नावे वर्षानुवर्षे तीच राहतात.

ही अडचण ओळखूनच काही वाटा काढल्या गेल्या. एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन तातडीच्या प्रसूतीसाठी भूल देण्यास तयार करणे ही त्यांतली एक. स्त्रीरोगतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांना सिझरसह तातडीच्या प्रसूतिसेवेसाठी १६ आठवड्यांचे प्रशिक्षण ही दुसरी. खासगी भूलतज्ज्ञाला प्रत्येक शस्त्रक्रियेमागे मानधन देऊन बोलावणे ही तिसरी. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरांना एक वर्ष शासकीय सेवेचे बंधपत्र असते, त्यांच्याही नेमणुका ग्रामीण भागात होतात. या वाटांनी अनेक बायका वाचल्या आहेत. तरी कायमच्या दोन तज्ज्ञांची सर त्यांना येत नाही, कारण बंधपत्राचे वर्ष संपते आणि बाहेरून येणाऱ्या डॉक्टरच्या स्वतःच्या दवाखान्यातही त्या रात्री कुणी अडलेली असू शकते.

रक्ताचे थोडे वेगळे सांगतो. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाही तर दोन तासांत आई हातची जाऊ शकते. उपजिल्हा रुग्णालयात पूर्ण रक्तपेढी असायलाच हवी असे नाही. रक्तसाठवण केंद्र पुरते. मोठ्या रक्तपेढीकडून पिशव्या आणून त्या २ ते ६ अंश तापमानात ठेवायच्या आणि लागतील तेव्हा जुळवून द्यायच्या. एक चांगला फ्रिज, प्रशिक्षित तंत्रज्ञ, अन्न व औषध प्रशासनाची मान्यता आणि रक्तपेढीशी करार एवढ्यावर हे केंद्र चालते. इमारतीच्या मानाने याचा खर्च नगण्य आहे. सिझर, नवजात बाळाची काळजी आणि रक्तसाठवण या तिन्ही सेवा चोवीस तास देणाऱ्या रुग्णालयालाच ‘प्रथम संदर्भ केंद्र’ म्हणायचे, असा केंद्र शासनाचा नियम आहे. तुमच्या रुग्णालयाला हा दर्जा कागदावर आहे का, आणि असला तर तो रात्रीही असतो का, हे जरूर विचारा.

यंत्रे आली तरी खोलीला कुलूप का असते?

यंत्र आले म्हणजे सेवा सुरू झाली असे होत नाही. क्ष-किरण यंत्राला ठरावीक जाडीच्या भिंतींची खोली आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. सोनोग्राफीला गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी आणि पात्र डॉक्टर लागतो. करोनाच्या काळात २०२१ मध्ये गावोगावी प्राणवायू निर्मितीचे प्रकल्प बसले. ते हवेतून प्राणवायू वेगळा करतात, पण विजेवर चालतात, त्यांना चालक लागतो आणि वेळोवेळी गाळण्या बदलाव्या लागतात. देखभालीचा करार संपला आणि पुढचा झाला नाही, तर लाखमोलाचे यंत्र झाकून ठेवावे लागते. खरेदी एकदाच होते, पण देखभालीचा खर्च दरवर्षी यायचा असतो. तोही त्या दुसऱ्या गल्ल्यातलाच.

या दुर्लक्षाची किंमत किती मोठी असते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भक अतिदक्षता विभागाला आग लागली. आत १७ बाळे होती. सात वाचवता आली, दहा गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण दगावले. त्यानंतर अग्निसुरक्षा आणि विजेच्या तपासणीवर राज्यभर बोलले गेले. ते बोलणे विसरू नये. खाटा वाढल्या, व्हेंटिलेटर आले, वातानुकूलन आले की विजेचा भारही वाढतो. जुन्या वायरींवर नवा भार टाकणे हे श्रेणीवर्धन नव्हे.

पैसा येतो कुठून?

आरोग्य हा राज्यघटनेनुसार राज्याचा विषय, म्हणून मोठा वाटा राज्याचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या खर्चात महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के असे प्रमाण आहे. यंत्रे, रुग्णवाहिका, दुरुस्ती यांसाठी जिल्हा नियोजन समितीचा निधी मिळू शकतो. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यासाठी देशभरात ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली. ही रक्कम मुख्यतः उपकेंद्रे व प्राथमिक केंद्रांच्या पातळीची आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने ६४,१८० कोटींचे पायाभूत सुविधा अभियान सुरू केले. त्यात पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या जिल्ह्यांत अतिदक्षता कक्षांच्या स्वतंत्र इमारती धरल्या आहेत.

आकडे मोठे वाटतात, पण देशाच्या मापाने अजून अपुरे आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पन्नाच्या २.५ टक्के करावा आणि राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चावी, असे म्हटले होते. यात आपण मागे पडलो. तरी सरकारने खर्च वाढवला की सामान्य माणसाचा खिसा वाचतो याचा पुरावाही आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१४-१५ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ६२.६ टक्के भाग लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सारे मोफत आहे. म्हणजे श्रेणी वाढली म्हणून तुमच्या रुग्णालयात पैसे पडणार नाहीत.

तळकोकणासाठी हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज हे १८४२ पासूनच्या वैद्यकशाळेचा वारसा सांगणारे मोठे रुग्णालय. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या लोकांनी अडीनडीला पिढ्यानपिढ्या तिकडेच धाव घेतली आणि तिथल्या डॉक्टरांनी आपल्या माणसांना जीवदान दिले. पण जानेवारी २०१८ पासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा इकडे मोठा असंतोष उसळला. गोव्याची बाजूही समजण्यासारखी होती, कारण त्यांच्याही खाटा मोजक्या. या प्रसंगाने एक धडा दिला. शेजारी कितीही चांगला असला तरी आपल्या घरातला दिवा आपणच लावायचा असतो. सिंधुदुर्गनगरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे. पण महाविद्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी. अडलेल्या बाळंतिणीला तिच्या तालुक्यातच हात मिळायला हवा.

आम्ही काय करायचे?

ताई, आजवर आपण ‘इमारत कधी?’ हे विचारत आलो, म्हणून इमारती आल्या. आता पुढचे विचारायचे. प्रश्न लिहून घ्या :

१. श्रेणीवर्धनानंतर पदनिर्मितीचा शासन निर्णय निघाला का? मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त किती?

२. भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ किती आहेत? महिन्यातल्या किती रात्री दोघेही उपलब्ध असतात?

३. रक्तसाठवण केंद्राला मान्यता आहे का? आज फ्रिजमध्ये किती पिशव्या आहेत?

४. गेल्या तीन महिन्यांत रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत किती सिझर इथे झाली आणि किती बाळंतिणी पुढे पाठवल्या?

५. विजेची व आगीची तपासणी शेवटी कधी झाली? सापडलेल्या त्रुटी दूर झाल्या का?

हे प्रश्न विचारायला जागा आहेत. तालुक्याच्या आमसभेत विचारा. प्रत्येक सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्या बैठकीत मांडा. ग्रामसभेत ठराव करा. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून अर्ज द्या. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हे काही नवे नाही. २००७ मध्ये महाराष्ट्रातल्या अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राची प्रगतीपुस्तके भरली, जनसुनवाया घेतल्या, आणि बंद पडलेल्या कित्येक सेवा पुन्हा सुरू झाल्या.

जाताना दोन गोष्टी सांभाळा. वैद्यकीय अधीक्षकांना शत्रू समजू नका. रिक्त पदांची यादी वर पाठवून तेही दमलेले असतात, आणि लोकांचा ठराव हा त्यांच्याच हाताला बळ देणारा कागद ठरतो. दुसरे, डॉक्टरबाईंना भाचीचे बाळ एकदा नेऊन दाखवा. त्या रात्री त्यांनाही झोप लागली नसेल.

महाराष्ट्रात बाळंतपणाशी निगडित मातामृत्यूंचे प्रमाण २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. देशाची सरासरी तेव्हा ९७ होती. फक्त केरळ आपल्या पुढे होते, १९ वर. आशाताई, परिचारिका, १०८ च्या गाड्या आणि डॉक्टर यांच्या कष्टांचे हे फळ आहे. राहिलेल्या त्या ३३ जणी मात्र आणखी एखाद्या इमारतीने वाचणार नाहीत. त्यांना रात्री अडीच वाजता भूल देणारा माणूस आणि फ्रिजमधली एक पिशवी हवी आहे. तुमचा चौथा प्रश्न दर तीन महिन्यांनी विचारत राहा. ‘पुढे पाठवल्या’ हा आकडा खाली येऊ लागला, तर पैसा योग्य जागी पोहोचला असे समजा.